उपटलेला खांब

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सातबाऱ्यावर सही करणं. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेही कराडला, घरापासून लांब. माझ्यासारख्यानं असं काही लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते लोक चांगलं करायला आले होते. आमच्या पोरींना बूट आणले, टोपी आणली, मला ‘युवा समन्वयक’ असं पद दिलं. अशांना नावं ठेवणारा कृतघ्न ठरतो. पण चांगलं करायला आलेल्या माणसांबद्दल मनात इतका तिरस्कार का साचला, हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. तोंडी सांगायला गेलो की अडखळतो. म्हणून लिहून बघतो.

आमचं गाव आटपाडीच्या पलीकडं, माळावर. पाऊस बेताचा, बाभळी भरपूर. पूर्वी सगळी घरं मेंढरांवरच होती, आता थोडी बाजरी, थोडं डाळिंबही असतं. तरी दिवाळी झाली की निम्मं गाव मेंढरं घेऊन उसाच्या पट्ट्याकडं निघतं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. तीन-चार बिऱ्हाडं, घोडी, कोंबड्या, कुत्री, सगळं मिळून जे चालत जातं त्याला आम्ही वाडा म्हणतो. गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं.

माझा चुलता, ज्याला सगळे आप्पा म्हणतात, वाड्याचा म्होरक्या. त्याला एकच मुलगी. ती पाचवीत असताना शाळेच्या सरांनी सांगितलं, पोरगी पळते चांगली, पण खो-खोला मैदान नाही. आप्पानं दोन बाभळी तोडल्या, साली काढल्या, तासून गुळगुळीत केल्या आणि शाळेमागच्या माळावर पुरल्या. त्या खांबांवर आमच्या गावच्या पोरी तालुक्याला आणि जिल्ह्याला खेळून आल्या. माझी ही चुलत बहीण खांबावर वळायची ती बघण्यासारखी. एका हातानं खांब धरायची, सगळं अंग जमिनीला समांतर व्हायचं, आणि पळणाऱ्या पोरीला कळायच्या आत हिचा दुसरा हात तिच्या पाठीवर.

आप्पाचा आणि तिचा एक ठराव होता. सांगलीतलं एक कॉलेज खो-खोच्या मुली निवडून घेतं. निवड झाली की वसतिगृह मिळतं, शिक्षण होतं. ती अकरावीत असताना आप्पानं माझ्यासमोर सांगितलं होतं, “सांगलीत नंबर लागला तर जा खुशाल. न्हाई लागला तर बारावी झाल्यावर वाड्यासंगं चल. तुझ्या आयचं गुडघं गेल्यात. घोडी कोण हाकणार, भाकरी कोण थापणार?”

“लागंल की,” ती म्हणाली.

“मग मी कुठं न्हाई म्हनतोय?”

एवढंच. यात जुलूम नव्हता, रडारड नव्हती. सगळं त्या निवडीवर होतं, आणि निवड त्या खांबांवर होती.

त्याच वर्षी पुण्याहून ती संस्था आली. खेळातून तरुणांना उभं करायचं, गाव बदलायचं, असं त्यांचं काम. प्रमुख बाईंना मॅडम म्हटलेलं चालत नसे, ताई म्हणा म्हणायच्या. बरोबर एक तरुण प्रशिक्षक होता, गळ्यात शिट्टी, बोलताना दर वाक्याला ‘बेसिकली’. सुट्टीत मी गावी होतो. कॉलेजात शिकतो, इंग्रजी थोडं कळतं, म्हणून त्यांनी मलाच धरलं. मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. मी लोकांना सांगत फिरलो की आपल्या गावचं भाग्य उघडलं.

पहिल्या दिवशी त्यांनी पोरींना माळावर गोल बसवलं. वेळ दुपारची. ताई म्हणाल्या, “आज तुम्हाला आतून कसं वाटतंय, प्रत्येकीनं एका शब्दात सांगायचं.”

पोरी एकमेकींच्या खांद्यात तोंड लपवायला लागल्या. शेवटी माझी बहीण म्हणाली, “ऊन.”

“ऊन ही भावना नाही ना बाळा.”

“तुमी सावलीत उभ्या हाय ताई. हितं बसून बघा, लगीच भावना हुतीया.”

सगळ्या फिदीफिदी हसल्या. ताईही हसल्या आणि मोठ्या कागदावर निळ्या पेनानं त्यांनी लिहिलं: ‘मुली मोकळ्या होत आहेत.’ मला तेव्हा ते खरंच वाटलं. आमच्या पोरी आधीपासून किती मोकळ्या होत्या, विहिरीवर एकमेकींना काय काय बोलायच्या, ते लिहायला तो कागद पुरला नसता.

मग टी-शर्ट वाटले. सगळे एकाच मापाचे, गुडघ्यापर्यंत येणारे. त्यावर छापलं होतं, ‘खेळेल मुलगी, बदलेल गाव’. आप्पानं मला वाचायला लावलं. “म्हंजी गावात काय बिघडलंय?” त्यानं विचारलं. मी काहीतरी समानता, नेतृत्व असं बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. थंडीत एक मेंढी व्यायली तेव्हा तो टी-शर्ट कोकराच्या अंगात चढवला होता. कोकराला मात्र तो बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी कळलं की खेळायचं आहे फुटबॉल. मी भीत भीत म्हणालो, “ताई, आपल्याकडं खो-खो आहे. पोरी जिल्ह्याला जातात.”

ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मला माहिती आहे. पण विचार कर. खो-खोमध्ये मुली काय करतात? उकिडव्या बसतात. कुणीतरी येऊन पाठीत मारेपर्यंत वाट बघतात. बसणं, वाट बघणं, हीच तर त्यांची समस्या आहे. फुटबॉलमध्ये मुलगी मैदान आपलं करते.”

मला शब्द सापडायला नेहमी उशीर होतो. माझ्या बहिणीला होत नाही. ती म्हणाली, “आवं ताई, आमी बसतो ते उठायसाठीच की. बसल्यालीला खो मिळतो.”

“बघ, किती छान बोलते ही!” ताई प्रशिक्षकाला म्हणाल्या. ती काय म्हणाली याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

चार दिवसांनी गोलपोस्ट आले. मैदानाच्या मधोमध आप्पाचे खांब येत होते. रस्त्याच्या कामावर आलेला जेसीबी प्रशिक्षकानं बोलावला. एक खांब निघताना मधोमध चिरला. दुसरा शाबूत निघाला. दोन्ही बांधाला टाकून दिले. गावातल्या कुणीही अडवलं नाही. आमच्याकडं पाहुण्यानं भांडं फोडलं तर ‘असू द्या, इडा गेली’ म्हणायची पद्धत आहे. पाहुणा ते खरं धरतो. आप्पा संध्याकाळी मेंढरं घेऊन आला, खड्डे बघितले, चिरलेला खांब जळणाला नेला आणि शाबूत खांब खांद्यावर टाकून घरी आणला. “बोकड बांधायला हुईल,” एवढंच म्हणाला.

ते वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगतो. शाळेचे जुने सर बदलून गेले. संध्याकाळी मैदानावर शिट्टी वाजे, पोरी चेंडूमागं पळत, मग गोल बसून भावना सांगत. ‘ऊन’ म्हणायचं नाही हे त्या शिकल्या. ‘आत्मविश्वास’ म्हटलं की लवकर सुट्टी होते, हेही शिकल्या. एकदा फलटणला सामन्याला नेलं. समोरच्या मुलींनी आमच्या पोरींची दाणादाण उडवली. ताईंनी सगळ्यांना सारखीच पदकं वाटली. म्हणाल्या, “आपल्याकडे कुणी हरत नाही.”

परतीच्या गाडीत बहीण खिडकीबाहेर बघत होती. “दादा, त्यांनी आठ गोल मारले. हरलो तर हरलो म्हनावं की. सर हुते तवा हरल्यावर शिव्या घालायचे. घरी जाऊन झोप तरी लागायची.”

मी तिला म्हणालो, हे वेगळं आहे, यात विकास आहे. तिनं माझ्या डोक्यावरच्या संस्थेच्या टोपीकडं बघितलं आणि परत खिडकीकडं वळली.

सगळ्यात जास्त आठवतो तो पैसे देणाऱ्या पाहुण्यांचा दिवस. बारावीची परीक्षा आटपत आली होती. पाहुणे सकाळी येणार, म्हणून ताई आदल्या दिवशीच मुक्कामाला. वाडा त्या वर्षी लवकर परतला होता. लांडगा फिरतोय अशी आवई होती. आप्पाची वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, वाटेत फाटली होती. त्यानं बघितलं, मैदानावर दोन चौकटींना नवीकोरी जाळी बांधलेली आहे. संस्थेनं गावासाठी दिलेली. मेंढक्याच्या डोळ्याला जाळी दिसली की ती वाघर असते, दुसरं काय असणार? त्यानं एका गोलची जाळी सोडवून पुढून ओढून घेतली, खाली दगड ठेवले आणि सगळी कोकरं आत कोंडली.

सकाळी गाड्या आल्या तेव्हा गोलमध्ये कोकरं. प्रशिक्षकाचा चेहरा उतरला. मीही घाबरलो. आप्पा शांत. “दुसरी चौकट मोकळी ठिवलीया की. तिकडं मारा.”

पण पाहुणे खूश झाले. ओह, किती सुंदर! त्यांनी वाकून वाकून फोटो काढले. मोठी मेंढरं, मोठी माणसं, यांच्याकडं कुणी बघितलं नाही. त्या वर्षीच्या त्यांच्या अहवालावर कोकरांचाच फोटो आला. वर लिहिलं होतं, ‘परंपरा आणि परिवर्तन एका मैदानावर’. लांडग्याचा उल्लेख कुठं नव्हता.

मग ताईंनी कॅमेऱ्यासमोर आप्पाला बसवलं. मी शेजारी उभा.

“आप्पा, सुरुवातीला मुलीला पाठवायला तुमचं मन तयार नव्हतं, हो ना?”

“कुठं पाठवायला?”

“मैदानावर. खेळायला.”

“मैदान शाळंमागंच हाय. पाठवायचं काय त्यात?”

“म्हणजे लोक काय म्हणतील, मुलीची जात, असं...”

“लोकं म्हनायची, आप्पा, एक खांब जरा तिरका बसलाय. म्या परत काढून सरळ केला.”

“कुठला खांब?”

आप्पानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि मग त्यांच्याकडं. “तुमी उपटला त्यो.”

ताई थांबल्या. मला वाटलं, आता कळेल. त्या माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, “यांना प्रश्न नीट समजावून सांग ना.”

“समजलाय ताई,” मी म्हणालो. “त्यांचा विरोध नव्हताच.”

“अरे, असतो. आतून असतो. ही माणसं बोलून दाखवत नाहीत.”

ही माणसं. ते ऐकल्यावर माझ्या आत जे थंड झालं ते पुन्हा गरम झालं नाही. त्यांना आमची पोरगी पळायला नकोच होती. त्यांना ती कुणाच्या तरी तावडीतून सोडवायला हवी होती, आणि तावडी नसेल तर त्या ती बरोबर घेऊन आल्या होत्या. मी संस्थेनं दिलेली टोपी काढून त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली. त्यांना वाटलं मी विसरलो. प्रशिक्षक हाक मारत मागं आला, “बेसिकली तुझी टोपी राहिली!”

जूनमध्ये बहीण सांगलीला निवडीला गेली. मी कराडहून थेट तिकडं पोहोचलो. मैदान मॅटचं, मुली कुठून कुठून आलेल्या. ती पळाली तेव्हा तिथले शिकवणारे सर ताठ उभे राहिले. हुलकावणी दिली तेव्हा त्यांनी शेजारच्याला कोपरानं डिवचलं. मग खांबावरची पाळी आली. तिनं हात टाकला आणि तो निसटला. दुसऱ्यांदा धरला, पण अंग वळलं नाही, ती खांबाला आदळली. तिसऱ्यांदा ती खांबापाशी येऊन थांबलीच.

सरांनी तिला बाजूला घेतलं. “पाय आहेत तुझे. खांब गेलाय. वर्षभर काय करत होतीस?”

“फुटबॉल,” ती म्हणाली.

सरांना ती चेष्टा वाटली. “पुढच्या साली ये,” ते म्हणाले. “आणि चेष्टा कमी कर.”

स्टँडवर आम्ही दोघांनी भडंग घेतला. तिनं कागदाचा कोन मला दिला आणि खाल्ला नाही. मी म्हणालो, ताईंशी बोलतो, त्यांच्या ओळखी आहेत. ती म्हणाली, “दादा, तू लय चांगला हायस. पर गप बस.”

मी ताईंना फोन केला तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, निवड झाली नाही हाही एक प्रवासच आहे. आणि आता संस्था तिकडचं काम आवरतं घेत होती. नवा प्रकल्प दुसऱ्या जिल्ह्यात, पोहण्याचा.

ठरावाप्रमाणं दिवाळीनंतर ती वाड्याबरोबर निघाली. त्याच सुमाराला जतकडचं एक स्थळ सांगून आलं. आप्पानं त्यांना सांगितलं, पोरीची सांगलीची दुसरी पाळी होऊ द्या, जेठात बोलू. म्हणजे आता ही शेवटचीच पाळी. लागली तर कॉलेज, नाही तर जत.

माघात वाडा कराडजवळ आला. एका रविवारी मी भेटायला गेलो. ऊस तुटलेलं रान, पाचट पसरलेलं, मेंढरं त्यात बसवलेली. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत होतं, म्हणून शेतकरी त्या बदल्यात धान्य देतो. लांबूनच बघितलं तर रानाच्या मध्यावर खांब उभा. तोच, आप्पानं घरी नेलेला. बोकड त्याला कधी बांधलाच नव्हता. घोडीवर भांड्यांच्या आणि कोंबड्यांच्या डालग्याबरोबर तो खांब लादून आणला होता. ज्या रानात मुक्काम त्या रानात पुरायचा, उठताना काढायचा.

मी पोहोचलो तेव्हा रानाचा मालक तिथं तणतणत उभा होता. फौजेतून निवृत्त झालेला, मिशा तशाच.

“मेंढरं बसवायची बोली झाली. खांब पुरायची कुठं झाली? हद्द टाकतोस काय माझ्या रानात?”

“न्हाई ओ साहेब. पोरीचा हाय त्यो.”

“पोरगी काय बांधून घालतोस काय त्याला?”

“आवं बघा तरी.” आप्पानं हाक मारली. बहीण चुलीपासून उठली, पिठाचे हात लुगड्याच्या फडक्याला पुसले, आणि ढेकळांतून पळत आली. हात खांबावर पडला, अंग आडवं झालं, आणि ती पलीकडच्या बाजूला मातीत बोटं टेकून उभी.

फौजी दोन पावलं पुढं आला. मग म्हणाला, “परत कर.” तिनं परत केलं. “डावीकडनं?” तिनं डावीकडून केलं. तो म्हणाला, “ढेकळं फोडून घे की पोरी, पाय मुरगळंल.” आणि स्वतःच पायानं ढेकळं फोडायला लागला. संध्याकाळी त्याच्या दोन मुली आल्या, शेजारची तिसरी आली. एकीआड एक तोंड फिरवून त्या मातीत उकिडव्या बसल्या, आणि माझी बहीण त्यांना खो द्यायला शिकवू लागली. कुणी गोल बसवलं नाही. कुणी भावना विचारल्या नाहीत. वाड्याचा मुक्काम दोन दिवसांचा होता, फौजीनं तो आठवडाभर हलू दिला नाही. वरनं रोज सकाळी ‘अजून हितंच काय रं तुमी?’ म्हणून ओरडायचा.

त्याच महिन्यात आमच्या कॉलेजच्या सभागृहात त्या संस्थेची फिल्म दाखवली. मागं बासरी. पडद्यावर आप्पा आला, लांब कुठंतरी बघत. खाली अक्षरं आली: ‘वडिलांचा तीव्र विरोध होता. आज ते बदलले आहेत.’ मला तो क्षण आठवत होता. मोकाट कुत्रं कोकरांकडं सरकत होतं, आप्पा त्याच्याकडं बघत होता. पुढच्या क्षणाला त्यानं दगड उचलला, पण तिथं फिल्म कापली होती. सभागृहात टाळ्या पडल्या. शेजारचा मित्र म्हणाला, “तुझा चुलता लय खडूस हुता की रं.”

मी त्याला सांगायला गेलो आणि नेहमीसारखा अडखळलो. तोवर चहाला उठायची घोषणा झाली.

मे संपताना दुसरी निवड होती. वाडा परतीच्या वाटेवर, कृष्णाकाठानं. माझी परीक्षा चालू असल्यानं मला सांगलीला जाता आलं नाही. निवडीचा दिवस गेला. आप्पाचा फोन बंद. वाड्यात फोन चार्ज करायचा तर कुणाच्या मोटरच्या खोपीत विनवणी करावी लागते, आणि वळीव झाल्यापासून तिकडं वीजच नव्हती. मी पेपर लिहायचो, बाहेर येऊन फोन लावायचो. कधी वाटायचं तिचा हात निसटला असेल. कधी जतची माणसं अंगणात बसलेली दिसायची.

शेवटचा पेपर देऊन मेसमध्ये जेवत होतो तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं मेंढरांचा कालवा आणि आप्पाचा ओरडून बोलायचा आवाज.

“आरं, जेवलास का?”

“आप्पा, काय झालं ते सांगा!”

“कशाचं?”

“आवं सांगलीचं!”

“व्हय, त्ये. लागला की नंबर. आठ दिस झालं. काल तिला वसतिगृहात सोडून आलो. खाट लोखंडाची हाय, जरा हलतीया.”

तो पुढं म्हणाला, “त्यो सर म्हनला, ह्या साली खांब कुठनं आनला? म्या म्हनलं, घोडीवरनं.”

“आणि जतचे?”

“त्यास्नी सांगितलं, पोरगी शिकायला लागली. म्हनले, मग ठीक हाय. तुझी चुलती भाकरी थापतीया, गुडघ्याला शिव्या देतीया. चालतंय.”

मी म्हणालो, “आप्पा, हे मी ताईंना कळवू का?” का म्हणालो कुणास ठाऊक. कदाचित त्यांना एकदा तरी काहीतरी खरं कळावं म्हणून.

पलीकडं आप्पानं आधी एक मेंढरू हाकललं.

“नगं रं बाबा,” आप्पा म्हणाला. “कळलं तर त्या परत येत्याल.”